कोठडीत न पोहोचलेला दुभाषी

टेर्नो बेट,
गुरुवार, जेवणाआधी

आदरणीय गुडरुनमावशी,

एस्किलचा आणि तोवेचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे, नव्या चष्म्याने बारीक अक्षर दिसतं का (दिसत नसेल असं धरून मी मोठं लिहितोय), आणि फॉबोरच्या बेकरीतला ब्रुन्सविगर केक अजून आपल्या बेटावरच्यापेक्षा कोरडाच आहे का, ते कळवावं. इथे सगळे खुशाल आहेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो; पुढचं वाचून काय ते तुम्हीच ठरवा.

ताजी बातमी आधी, कारण तुम्हाला पाल्हाळ आवडत नाही. आज सकाळी आबेलोनेआजींच्या बैठकीच्या खोलीत तेरा अंश होते. ही ऐकीव गोष्ट नाही. तोवे रोजच्याप्रमाणे त्यांना औषधं द्यायला आणि पायमोजे चढवून द्यायला गेली होती (घरोघरी म्हाताऱ्यांची काळजी घ्यायचं तिचं काम अजून चालू आहे), तेव्हा तिने आपला थर्मामीटर टेबलावर ठेवून, कॉफी संपेपर्यंत थांबून आकडा वाचला. भिंतीवरचा आजींचा थर्मामीटर सतरा दाखवत होता, पण तो आजींच्या पक्षाचा आहे. आजी कोट, टोपी आणि दोन शाली घालून खुर्चीत बसल्या होत्या आणि म्हणाल्या, की ही कसली थंडी, समुद्र गोठून लोक मोटारीने पलीकडच्या फ्यून बेटावर जायचे ती थंडी. विजेची शेगडी तोवेने लावली. तोवे दाराबाहेर पडल्यावर आजींनी ती बंद केली, आणि ते तोवेने खिडकीतून पाहिलं.

शनिवारी त्यांचा मुलगा फ्रोडे ओडेन्सहून व्हॅन घेऊन येतोय. तिकडे एका वृद्धनिवासात त्याने आईसाठी खोली बघून ठेवली आहे. खिडकीतून गाड्या उभ्या करायची जागा दिसते म्हणे. त्याचं म्हणणं सरळ आहे आणि दुर्दैवाने बरोबरही आहे. शनिवारी आत आल्यावर त्याला अंगातला कोट काढावासा वाटला तर आई इथे राहील, नाही वाटला तर ती व्हॅनमध्ये बसेल. यावर आजी मला म्हणाल्या, “बेट सोडून गेलेली माणसं मी मोजली नाहीत रे एस्किल, परत आलेली मोजली. एक हात पुरला, आणि अंगठा उरला.” हे ऐकल्यापासून मला जेवण गोड लागत नाही.

तुम्ही म्हणाल, मग फोन का नाही केलास. केला होता, मावशी. आज सकाळीच केला. तुम्ही विचारलंत, “लिहिलंस का?” मी म्हटलं, “नाही, पण एक छोटीशी गोष्ट...” तुम्ही म्हणालात, “छोटी असेल तर लिहायला वेळ लागणार नाही,” आणि ठेवलात. त्यानंतर तो वाजतच राहतोय, म्हणजे स्वयंपाकघरातल्या खणात चमच्यांबरोबर पडला असणार. तुमचा नियम मी विसरलेलो नाही: तोंडी तक्रार ऐकली जाणार नाही, काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं हे क्रमाने लिहावं, आणि वाचणाऱ्याला काहीही माहीत नाही असं समजून लिहावं. तीस वर्षं लोकांचे संगणक सांभाळून तुम्ही हा नियम केलात, त्याला कारण असणार. म्हणून तुम्हाला पाठ असलेलं सगळं मी तुम्हालाच सांगणार आहे. राग मानू नये. ई-मेलबद्दल पुढे येईल.

आपल्या सहकारी बॉयलरघरात पेंढा जळतो, पाणी तापतं, आणि ते पाइपांतून घरोघरच्या रेडिएटरमध्ये जातं. पेंढा कधी आणि किती ढकलायचा हे संगणक ठरवतो. ख्रिसमसनंतर पेंढा ढकलणारं जुनं यंत्र जळालं (आग लागली नाही, धूर, आणि होल्गरच्या शिव्या). नवं आणलं, पण त्याची बोली आपल्या संगणकाला समजत नाही. दोघांच्या मध्ये एक दुभाषी लागतो. तो दुभाषी म्हणजे एक छोटं पॅकेज, संगणकात बसवायचं की काम झालं. यंत्र घेऊन आलेल्या माणसाने “दहा मिनिटांचं काम” असं सांगितलं आणि तो पुढच्या फेरीबोटीने निघून गेला. आता मला कळलंय, की दहा मिनिटांचं काम सांगणारा माणूस नेहमी पुढच्या फेरीने का जातो.

तोपर्यंत पेंढा हाताने टाकायचा, असं समितीने ठरवलं. पाळ्या लावल्या. यात वाईट कुणाचाच हेतू नाही, पण प्रत्येकाचा हात वेगळा. होल्गर जन्मभर गाई सांभाळलेला माणूस, तो बॉयलरलाही गाभण गाय समजून चारतो. शाळेच्या बाई पृथ्वीचा विचार करून मूठभर टाकतात आणि घरी जातात. परिणाम असा, की बॉयलरघराशेजारी होल्गर फेब्रुवारीत गंजिफ्रॉकवर, खिडक्या उघड्या टाकून बसलेला असतो, आणि पाइपाच्या शेवटच्या टोकाला, दीपस्तंभाखाली, आबेलोनेआजींकडे पाणी पोहोचतं ते बाळाला आंघोळ घालण्याइतपत कोमट. संगणक एकसारखा पेंढा टाकतो म्हणून शेवटच्या घरापर्यंत ऊब जाते; माणसाला ते जमत नाही. आठवडाभर आम्ही जमवून पाहिलं. शेवटी होल्गर आणि बाई एकमेकांशी बोलेनासे झाले.

आता मी या प्रकरणात कसा आलो, हेही नियमाप्रमाणे लिहितो, जरी ते तुम्हीच घडवून आणलेलं आहे. मी चर्चचा ऑर्गन वाजवणारा माणूस. पट्टी दाबली की आवाज आला पाहिजे, यापलीकडे मला यंत्रातलं कळत नाही. पण आपल्याकडच्या वार्षिक सभेची रीत तुम्हाला माहीत आहे: जो खोलीत नसतो तो निवडून येतो. तुम्ही बेट सोडायच्या आधीच्या सभेत, संगणक कोण बघणार हा विषय आला तेव्हा नेमका मी स्वयंपाकघरात कॉफीचा दुसरा थर्मास भरत होतो. बाहेर आलो तर सगळे टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या. होल्गर म्हणाला, “आभार मान की लेका.” मी विचारलं, कोणाचे. तो म्हणाला, “गुडरुनचे. तिनेच तुझं नाव सुचवलं. म्हणाली, हा निदान घाबरतो तरी.”

ते खरं आहे, मावशी. मी घाबरतो. आणि तुम्ही संगणकात जी कोठडी करून ठेवली आहे तिला तर फारच घाबरतो. (इथेही तिला कोठडीच म्हणतात. परवा दुकानात मी ‘सकाळभर कोठडीत होतो’ म्हटलं, तर पाळणाघरातल्या नव्या बाईंनी आपलं मूल जवळ ओढलं.) एका मोठ्या यंत्राच्या आत भिंती घातलेली एक खोली; बॉयलर चालवणारा प्रोग्राम तिच्यात राहतो, आणि त्याची समजूत अशी, की ही खोली म्हणजेच सगळं जग. बाहेरून त्याच्याकडे बघता येतं, त्याला बाहेरचं काही दिसत नाही. बॉयलर चालवणाऱ्याला जगाशी काय करायचंय, असं तुम्ही म्हणाला होतात, आणि तेव्हा ते मला फार शहाणपणाचं वाटलं होतं. आबेलोनेआजींचंही बेटाबद्दल साधारण हेच मत आहे.

पहिला प्रयत्न. कारखान्याच्या कागदावर होती ती आज्ञा मी अक्षर न अक्षर टाइप केली. पडद्यावरून ओळी सरसर गेल्या आणि शेवटी ‘बसवले’ असं आलं. माझे डोळे भरून आले. समितीला बोलावलं, तोवेने ब्रुन्सविगरचं अख्खं ताट भाजलं, होल्गरने नव्या यंत्राला थोपटलं, आणि आम्ही बटण दाबलं. यंत्र हललं नाही. आम्ही दुसरा तुकडा खाल्ला आणि पुन्हा दाबलं. दुपार उलटल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी पॅकेज कोठडीच्या आत नव्हे, बाहेरच्या मोठ्या यंत्रात बसवलं होतं. पाहुण्याला स्टेशनवर आणायला जावं आणि आपणच त्याच्या गाडीत बसून त्याच्या गावी जावं, तसं झालं. दुभाषी आला होता, पण भिंतीच्या अलीकडे. ज्याच्याशी बोलायचं तो पलीकडे. केकचं ताट मात्र रिकामं झालं होतं.

दुसरा प्रयत्न आत शिरून केला. आत गेल्यावर तीच आज्ञा दिली, तर उत्तर आलं की पॅकेजांचं कोठार ज्या नावाचं आहे त्या नावाचं कुणी इथे ओळखत नाही. हे मला आठवडाभर समजलं नाही. मी नाव तपासलं, बरोबर होतं. मोठ्याने वाचलं. होल्गर म्हणाला, उंदराने वायर खाल्ली असेल. वायर बदलली. (खाल्लेली नव्हती, आता ती होल्गरच्या रेडिओला आहे.) मग कळलं, की कोठडीत पत्ते विचारायची सोयच नाही. बाहेरच्या यंत्राजवळ एक छोटी फाइल असते, कुठल्या नावाचा पत्ता कुणाला विचारायचा ते तिच्यात असतं; ती आत कुणी ठेवलीच नव्हती. मी ती बाहेरून आत नेऊन ठेवली. हे काम मी स्वतः केलं, मावशी, कुणाला न विचारता, आणि नंतर बाहेर जाऊन दोनदा समुद्राकडे बघून आलो.

त्यानंतर नाव ओळखीचं झालं. पण आता तो पत्त्यावर जायचा आणि उत्तर यायचं, की दार वाजवतोय, कुणी उघडत नाही.

तिसरा प्रयत्न मी तुम्हाला सांगणार नव्हतो, पण नियम तो नियम. बाहेर बसलेलं पॅकेज मी उचलून हातानेच आत नेलं. म्हटलं, कोठार उघडत नाही तर न उघडो, सामान तर आपल्याकडे आहे. कोठडीने ते हुंगलं आणि सांगितलं, की ही वस्तू दुसऱ्या आवृत्तीची आहे, आमच्याकडे चालत नाही. बाहेरचं यंत्र नव्या आवृत्तीचं, आतली खोली तुम्ही मुद्दाम जुन्या आवृत्तीची ठेवलेली, कारण बॉयलरचा प्रोग्राम नव्यात चालत नाही. बरं, जुन्या आवृत्तीची पॅकेजं आणावीत म्हणून जगाच्या मोठ्या कोठारात गेलो, तर त्यांनी ती केव्हाच काढून टाकलेली. म्हणतात, इतकं जुनं आता कुणी वापरत नाही. मी हे आबेलोनेआजींना सांगितलं. त्या म्हणाल्या, “मला पण फ्रोडे तेच म्हणतो.”

म्हणजे उरलं ते एकच कोठार, ज्याचं नाव तुम्ही कोठडीत लिहून ठेवलंय आणि ज्याचं दार उघडत नाही. त्याचं नाव ‘खुराडं’. मला वाटलं, असेल एखादी कंपनी. हे संगणकवाले कंपनीला फळाचं नाव देतात, खिडकीचं देतात, कुणी कोंबड्यांचं दिलं असेल. कोपनहेगनमध्ये काचेच्या इमारतीत हे खुराडं असावं आणि दाढी वाढवलेली माणसं अनवाणी फिरत असावीत, अशी माझी कल्पना होती.

आणि मग एका सकाळी ते उघडलं. मी सवयीने आज्ञा दिली आणि पॅकेज उतरायला लागलं. एकटं नाही. मी मागितला होता एक दुभाषी. त्याच्याबरोबर त्याचं अख्खं वऱ्हाड निघालं. ह्याला ते पॅकेज लागतं, त्याला आणखी तिसरं, तिसऱ्याचे दोन भाऊ, आणि नवरदेव सगळ्यांत शेवटी. निम्मं वऱ्हाड उतरलं आणि दार पुन्हा बंद. तीन-चार दिवसांनी तेच: यावेळी जवळजवळ सगळे आले, फक्त नवरदेव यायचा होता, आणि धाडकन दार बंद. उतरलेलं वऱ्हाड तसं बसवून ठेवता येत नाही. पुढच्या वेळी सगळे पहिल्यापासून.

मी कारण शोधत होतो. आणि माझ्या असं लक्षात आलं, की दोन्ही वेळा पॅकेज उतरत होतं तेव्हा तोवेने घरी कपडे धुवायचं यंत्र लावलेलं होतं. हसू नका. दोन्ही वेळा मी घरून, जेवणाच्या टेबलावरून काम करत होतो आणि मागे यंत्र घुरघुरत होतं. मी हे होल्गरला सांगितलं. तो गंभीरपणे म्हणाला, की त्याची एक गाय फक्त बातम्या चालू असताना दूध द्यायची. तेव्हा सोमवारी, धुकं पडलं होतं, पान हलत नव्हतं, मी तोवेला म्हटलं, जरा यंत्र लाव. ती म्हणाली, घाण कपडे नाहीत. मी कपाटातले स्वच्छ टॉवेल काढले आणि यंत्रात घातले. टॉवेल धुतले गेले. खुराडं उघडलं नाही. मी तापमान वाढवून पाहिलं. पडदे धुतले. शेवटी तोवे आली, कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, “एस्किल, आज विजेचा भाव काय चाललाय बघितलास? वारा नाही, पवनचक्क्या उभ्या आहेत, आणि तू पडदे उकळतोयस?”

मावशी, तुम्हाला हे सांगायला नको की इथे कुणी शुद्धीवर असलेला माणूस फोनवर भाव बघितल्याशिवाय भांडी धुवायचं यंत्रही लावत नाही. वारा सुटला की वीज स्वस्त, तेव्हा बेटभर यंत्रं घुरघुरतात. वारा पडला की सगळे मळके कपडे घालून वाट बघतात. तोवे वारा असतानाच कपडे धुते. म्हणजे पॅकेजाचा संबंध कपड्यांशी नव्हता. वाऱ्याशी होता. हे कळल्यावर मला अजिबात बरं वाटलं नाही. कपडे निदान आपल्या हातात असतात.

हे मी काल बॉयलरघरात सांगत होतो, की हे कोपनहेगनचं खुराडं वारा असेल तेव्हाच उघडतं, तेव्हा होल्गरने हातातला पेंढ्याचा गठ्ठा खाली ठेवला.

“कुठलं कोपनहेगन?” तो म्हणाला. “खुराडं गुडरुनचं आहे. फॉबोरला, घरामागं. कोंबड्या नेल्या कोल्ह्यानं, मग तिनं तिथं जुना संगणक ठेवला. निरोपाच्या जेवणाला एवढं दाखवत होती की आपल्याला. वीज स्वस्त झाली की आपोआप चालू, महाग झाली की बंद. भाव बघणारं बटण बसवलंय म्हणाली.”

“मी कुठे होतो?”

“कॉफी भरत असशील.”

तर असं आहे. जगात जुन्या पॅकेजांचं एकच कोठार उरलंय, ते तुमच्या परसातल्या रिकाम्या खुराड्यात आहे, आणि ते वाऱ्यावर चालतं. गेला आठवडाभर वारा नाही. तुमची टपालपेटीही त्याच यंत्रावर असल्यामुळे माझ्या सगळ्या ई-मेल तुमच्या दाराबाहेर रांगेत उभ्या आहेत. वारा असतानाही दोन्ही वेळा दार मध्येच का बंद झालं, हे मात्र मला उलगडलेलं नाही. भाव तेव्हा वाढला नव्हता; तोवेने लागोपाठ दुसरा घाणा लावला होता. यंत्र म्हातारं आहे, दमत असेल, असं मी धरून चाललो आहे.

काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, हे सगळं वर आलं आहे. तुमच्या व्यवस्थेत मला कुठेही दोष दिसत नाही. कोठडी उत्तम आहे, खुराडं उत्तम आहे, आणि विजेची बचत तर आम्हा सर्वांना शिकण्यासारखी आहे. माझी काहीही मागणी नाही. फक्त तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिलं. गुडघ्याला लोकरीची पट्टी बांधत जा.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
एस्किल

ता. क. मंगळवारी, खुराडं कुणाचं आहे हे कळायच्या आधी, मी ‘खुराडं कंपनी’च्या संचालकांना एक ई-मेल पाठवली होती. तीही रांगेत आहे आणि यंत्र चालू झालं की तुमच्यासमोर उतरेल. तिच्यात ‘झोपलेली व्यवस्था’, ‘कोंबड्यांनी बरी चालवली असती’ आणि ‘संबंधितांनी वयाचा विचार करावा’ असे शब्द आहेत. संबंधित कोण हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. न वाचता पुसावी.

आणखी एक. मागणी नाही असं वर लिहिलं ते पुन्हा वाचून तोवे म्हणाली, की मग हा कागद कशाला वाया घालवलास. तेव्हा लिहितो: मावशी, भाव कितीही असो, ते बटण बाजूला ठेवून खुराडं एक संध्याकाळ चालू ठेवाल का? वऱ्हाड पुरतं उतरायला तेवढं पुरेल. दुभाषी आत गेला की यंत्र रात्रभर सारखा पेंढा टाकेल आणि दीपस्तंभाखालच्या घरात पाणी गरम पोहोचेल. पुन्हा कधी असं मागणार नाही.

आत्ताच फेरीचा कप्तान येप्पे कॉफीला येऊन गेला, म्हणून वरची मागणी रद्द. त्याने बंदरावरून पक्की बातमी आणली आहे: आज संध्याकाळपासून वादळ, ते थेट रविवारपर्यंत. दुपारची फेरी शेवटची; मग तो बोट तिकडेच, फॉबोरच्या बंदरात बांधून ठेवणार, सोमवारपर्यंत कुणी येणार नाही, कुणी जाणार नाही. म्हणजे फ्रोडेची व्हॅन सोमवारशिवाय येत नाही, आणि पवनचक्क्या इतक्या फिरतील की वीज जवळजवळ फुकट होईल. खुराडं आपलं आपण चालू होईल आणि चालूच राहील. तुम्हाला काहीही करायचं नाही. पत्राची आता गरज उरलेली नाही, पण लिहून झालंय, आणि येप्पे तिकडे जातोच आहे.

मावशी, पाकीट पुन्हा उघडलं आहे. तोवेने दारात बूट घालता घालता विचारलं, “वादळ आलं की गुडरुनमावशी काय करतात, आठवतं का रे?” मला आठवलं नाही. तिला आठवलं. तुम्ही लहान असताना वीज पडून रेडिओ जळाला, तेव्हापासून वारा जोराचा झाला की तुम्ही घरभर फिरून एकेक प्लग उपटता. दिवा, टोस्टर, घड्याळ, आणि शेवटी कंदील घेऊन परसात. मग तिने फोनवर त्या दोन दिवसांचा वारा काढून दाखवला. सकाळी बेताचा, तेव्हा पॅकेज उतरत होतं. दुपारी जोराचा, तेव्हा दार बंद झालं. म्हणजे यंत्र दमलं नव्हतं. खुराडं वाऱ्याने चालू होतं आणि तुम्ही वाऱ्याने बंद करता.

तेव्हा वरचं सगळं बाजूला ठेवा, मावशी. विनंती ही आहे. टोस्टर काढा, घड्याळ काढा, दिवे काढा, पण परसातला तो एक प्लग काढू नका. आबेलोनेआजींना तोवे आत्ता सांगून आली, की सकाळपर्यंत घर तापेल. त्या म्हणाल्या, “गुडरुनवर आहे ना? मग बघू,” आणि दोन शालींपैकी एक काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली. ती परत घ्यायला लागू नये एवढंच मला वाटतं. मी जेवून बॉयलरघरात जाऊन बसतोय, आज्ञा टाइप करून ठेवतोय. येप्पे बोट बांधून, वारा चढायच्या आत तुमच्या दारात येईल. पत्र त्याच्यासमोरच वाचा, त्याला कॉफी द्या; नवरदेव आत उतरला की मी त्याला फोन करीन, आणि तो सांगेल तोपर्यंत खुर्चीवरून उठू नका.